भिंतीवरच्या अबोल गृहस्थाची विल्हेवाट

मी, एस्बर्न लिलेलुंड, वय सदुसष्ट, धंदा लिलाव पुकारणे, राहणार लेम्विग, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीतले पिवळे घर, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि तरीही कोणाला शंका असेल तर गेल्या आठवड्यात पत्त्यांत कोण हरले ते शेजारच्या कप्तान बेकला विचारावे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझी पत्नी निकोलिने या क्षणी स्वयंपाकघरात बटाटे सोलत आहे आणि मी काय लिहीत बसलो आहे हे तिने विचारलेलेही नाही. न विचारणे ही तिची जुनी सवय आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते फारच समजूतदार होते.

कलम पहिले. राहते घर, आतल्या सामानासह, निकोलिनेचे. तिच्यानंतर आमची मुलगी आस्ता, जी ऑर्हूसला असते, तिचे. घर विकू नका असे मी सांगणार नाही, कारण आयुष्यभर लोकांची घरे विकूनच मी पोट भरले. विकायची वेळ आली तर होल्स्टेब्रोच्या त्या लिलाववाल्याला मात्र बोलावू नये. पहिली बोली लागायच्या आतच त्याला घाम फुटतो.

कलम दुसरे. बचत बँकेत जे काही आहे त्यातून माझा अंत्यविधी करावा आणि उरलेले निकोलिनेने घ्यावे. अंत्यविधीला कॉफीबरोबर काहीतरी कडक द्यावे. गावातले कर्मठ, धर्मनिष्ठ मिशनवाले नाके मुरडतील. त्यांची नाके त्याच कामासाठी आहेत.

कलम तिसरे. कप्तान बेक विधुर आहे, रोज दाढी विंचरतो, आणि अलीकडे बरोबर कॉफीच्या वेळेला त्याला आमचे वर्तमानपत्र वाचायची आठवण होते. त्याला माझी होडी द्यावी, वल्ह्यांसकट. अट एवढीच की त्याने होडीत बसावे. शेगडीजवळच्या माझ्या खुर्चीत बसू नये. ती खुर्ची आस्ताकडे पाठवून द्यावी. अंत्यविधीच्या आधी पाठवली तरी माझी हरकत नाही.

कलम चौथे. माझा लाकडी हातोडा नव्या लिलाववाल्याला देऊ नये. त्याचा आवाज चांगला आहे, असे लोक मला मुद्दाम येऊन सांगतात. हातोडा चुलीत घालावा. याला कोणी मत्सर म्हणेल. म्हणू दे, मत्सरच आहे.

कलम पाचवे. आता मुख्य गोष्ट.

जेवणाच्या खोलीत, बशांच्या कपाटावर, एक तैलचित्र टांगलेले आहे. यादीत मी त्याचे वर्णन असे केले असते: तरुण गृहस्थ, खिडकीपाशी बसलेला, डाव्या बाजूने. काळा कोट, हात गुडघ्यांवर, नजर खाली, ओठ मिटलेले. पाठीमागे रिकामी भिंत. रंग राखेचे आणि ताकाचे, एवढेच. कुठे लाल नाही, निळा नाही. मागच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिले आहे, ‘माझा भावी नवरा, वसंत, १८९०.’

हे चित्र निकोलिनेने काढले आहे. त्यातला गृहस्थ म्हणजे मी, असे सगळे धरून चालतात. माझे म्हणणे आहे की तो मी नाही. मी त्याला ओळखतो, एकेचाळीस वर्षे त्याच्याबरोबर एका घरात काढली आहेत, आणि मला तो आवडत नाही.

माझी शवपेटी घराबाहेर पडेल त्याच्या आत हे चित्र घराबाहेर पडावे. राजधानीतल्या चित्रसंग्रहालयाचे डॉ. विव्हेल यांची त्यासाठी पत्रांवर पत्रे येत आहेत. त्यांना ते फुकट देऊन टाकावे. माझ्या विधवेबरोबर या गृहस्थाने एक रात्रसुद्धा या घरात एकट्याने काढता कामा नये.

वकील फुग्लसांग म्हणाले की मृत्युपत्रात कारणे द्यायची गरज नसते. त्यांना नसेल, मला आहे.

माझे सासरे लाउरिट्स टांग दोरखंड वळायचे आणि मिशनवाल्यांतले पुढारी होते. नाच पाप, पत्ते पाप, मोठ्याने हसणे म्हणजे पापाच्या दाराची कडी वाजवणे, अशी त्यांची समजूत. मी बाजारात उभा राहून दिवसभर लोकांना हसवणारा माणूस. त्यांच्या मुलीला मागणी घालायची म्हणजे बोकडाने माळ्याकडे कोबीची चौकशी करण्यासारखे होते. पण निकोलिने दोन हिवाळे राजधानीत चित्रकला शिकून आली होती, मावशीच्या पैशांनी, आणि मावशीला आता एखादे माणसाचे चित्र बघायचे होते. मी म्हटले, मी बसतो. सासऱ्यांनी कामापुरती परवानगी दिली. मागच्या खोलीत बसायचे, दार उघडे, आणि दारात ते स्वतः दोर वळत बसणार.

मी जय्यत तयारी केली होती. कोणती गंमत कधी सांगायची, ती कुठे हसेल, सगळे ठरवून ठेवले होते. आणि नेमकी पहिल्या बैठकीच्या आदल्या रविवारी माझी उजवी अक्कलदाढ उठली. गाल असा सुजला की बोलायला तोंड उघडले की डोळ्यांत पाणी. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत दाबून मी जाऊन बसलो. ती डावीकडून काढायला बसली म्हणून, नाहीतर राजधानीवाल्यांना आज सूजही बघायला मिळाली असती.

सासरे दारातून बघत होते. एरवीचा बडबड्या माणूस मान खाली घालून बसला आहे, मधूनच कण्हतो आहे. त्यांनी एके दिवशी दोर बाजूला ठेवला.

‘लिलेलुंड, फार जड जातंय का?’

‘हूं,’ मी म्हटले.

‘आतून आग होते?’

‘हूं.’

‘केव्हापासून?’

‘रविवार,’ मी कसाबसा म्हणालो.

त्या रविवारी लेम्विगमध्ये बाहेरगावचा एक मोठा उपदेशक येऊन गेला होता. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. ‘त्याच्याशी झगडू नका,’ ते म्हणाले. ‘येऊ द्या बाहेर.’

चित्र पुरे झाले त्या दिवशी त्यांनी मुलगी देऊ केली. दुसऱ्या दिवशी लोहाराने माझी दाढ उपटली. साखरपुड्याच्या कॉफीला मी जे बोलायला लागलो ते सासरे अर्धा कप ठेवून उठून जाईपर्यंत थांबलो नाही. पण मिशनवाल्याने एकदा हो म्हटले की ते हो असते. लग्न झाले.

दाढेचे मी कधीही कोणाला सांगितले नाही. निकोलिनेलाही नाही. कारण माझ्या लवकरच लक्षात आले की फसले ते एकटे सासरेच नव्हते. जिने तो माणूस समोर बसवून इतक्या मायेने रंगवला, जिने त्याच्या मागे ‘माझा भावी नवरा’ असे लिहिले, तिला तोच हवा होता. तो तिला मिळाला नाही. त्याच्या जागी मी आलो.

दर शनिवारी ती पिसांच्या झाडणीने त्याच्यावरची धूळ काढते. त्यात चूक काही नाही, धूळ मीही पाहिली आहे. पण धूळ गेल्यावर ती तिथेच उभी राहते, मान कलती करून, आणि चुलीवर दूध असले तर ते उतू जाते. माझ्याकडे बघताना या घरात कधी दूध उतू गेलेले नाही. भांडण झाले, मी आवाज चढवला, की तिची नजर माझ्या खांद्यावरून वर जायची. मी टेबलाची बाजू बदलून त्याच्याकडे पाठ करून बसलो, तर ती सगळे जेवण त्याच्यासमोर जेवायला लागली. पुन्हा बाजू बदलली, तर तो माझ्यासमोर. मग माझी भूक मेली.

आस्ता लहान असताना झोपायला जाण्याआधी त्याला हात हलवायची आणि मग माझ्याकडे यायची. ‘शांत बाबा’ आणि ‘मोठे बाबा’ असे तिने आमचे भाग पाडले होते. पाहुण्यांना फार गंमत वाटायची. मीही हसायचो, आणि माझ्याच पोरीचा हात त्याच्याकडे आधी जातो हे मला सुईसारखे टोचायचे.

एकदा मी त्याच्यासारखे व्हायचा प्रयत्न केला. एक अख्खे जेवण गप्प राहिलो, हात गुडघ्यांवर, नजर बशीतल्या ईल माशावर. निकोलिने माझ्या बशीत डोकावली आणि म्हणाली, ‘पोट बिघडलंय का?’

आणि तिने मला पुन्हा कधी रंगवले नाही. फळे रंगवली, बंदराचा धक्का रंगवला, बेकची मेलेली मांजर आठवणीवरून रंगवली. मी समोर हिंडत होतो, तर मी नाही.

गेल्या ऑक्टोबरात इस्पितळात माझ्या घशातली गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. गाठ पुन्हा येते आहे, उन्हाळा दिसेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. तेव्हापासून मी काळ्या कोटात खिडकीशी बसतो आणि काही हवे असले तर पाटीवर लिहितो. म्हणजे आता तिच्याकडे तसे दोन झाले. मला वाटले, शेवटी बाईच्या मनासारखे झाले, तेही माझ्या गळ्यावर सुरी फिरवून. आणि मी गेल्यावर? मी गेल्यावर तोच राहणार. तरुण, केस दाट, दाढ शाबूत, कधी आवाज चढवणार नाही. संध्याकाळी ती दिवा लावून त्याच्यासमोर विणत बसेल आणि दोघे एकमेकांना अगदी शोभतील. हे मला बघवत नाही, आणि थडग्यातून तर बघवणारच नाही. म्हणून कलम पाचवे.

येथपर्यंत मंगळवारी लिहिले. पुढचे गुरुवारी लिहीत आहे, कारण मध्ये बुधवार आला.

बुधवारी डॉ. विव्हेल न कळवता आले. सडपातळ, चांगले बूट. निकोलिनेने कॉफी आणि सफरचंदाचा केक ठेवला. डॉक्टरांनी केकला हात न लावता चित्रासमोर ठाण मांडले.

‘काय ही शांतता!’ ते म्हणाले. ‘या माणसानं फार सोसलेलं आहे. किती खोल उतरलाय स्वतःत. कोण होते हे? हयात आहेत का?’

‘ते काय तिकडे,’ निकोलिने म्हणाली. ‘केक खातायत.’

डॉक्टर वळले. माझ्या दाढीला साय लागली होती. त्यांनी नमस्कार केला आणि पुन्हा जरा घाईनेच चित्राकडे वळले.

‘पण बाईसाहेब, हे मौन तुम्हाला त्यांच्यात दिसलं कसं?’

‘मौन कसलं?’ ती म्हणाली. ‘त्याची दाढ दुखत होती.’

माझ्या हातातला काटा बशीवर पडला. डॉक्टरांना वाटले बाई विनोद करतात. ते हसले, पुन्हा येईन म्हणाले आणि आगगाडीच्या वेळेला निघून गेले. दार लागताच मी पाटी ओढली.

‘तुला माहीत होतं?’

‘लवंगेचा वास महिनाभर माझ्या कुंचल्यांना येत होता,’ ती कपबशा गोळा करत म्हणाली. ‘आणि टेबलावर कागद उघडे टाकून झोपतोस, मग मी वाचणार नाही तर काय करणार? बेकला होडी दिलीस ते बरं केलंस. त्याला पोहता येत नाही.’

‘माहीत होतं, तर हो का म्हणालीस?’

ती बसली. ती कॉफीनंतर कधी बसत नाही. ‘त्याच्या आदल्या उन्हाळ्यात धक्क्यावर तू फुटलेल्या जहाजातलं सामान विकत होतास. मी बायकांच्या मागं उभी होते, बाबांना न सांगता. चिनी मातीचा एक कुत्रा होता, एका कानाचा. त्याची तू अशी काही तारीफ केलीस की मिशनवाल्या बायकासुद्धा हसल्या, आणि हसलो म्हणून मग रडल्या. आमच्या घरात घड्याळ सोडलं तर कोणी बोलत नव्हतं, एस्बर्न. मी त्याच दिवशी ठरवलं, लग्न केलं तर याच्याशी. मावशीला चित्र हवंय ही थाप कोणाची होती असं तुला वाटतं?’

मी पाटी पुसली. मग खडू मोडेपर्यंत दाबून लिहिले, ‘मग दर शनिवारी त्याच्याकडे काय बघतेस?’

‘त्याच्याकडे?’ तिला खरोखरच आश्चर्य वाटलेले दिसले. ‘मी भिंत बघते. ती भिंत बघ ना, खिडकीपासून कशी विझत जाते ती. तशी भिंत मला पुन्हा कधी जमली नाही. दर वेळी बघते, कशी केली होती म्हणून. तू मध्ये बसला होतास, म्हणून चित्रात आलास.’

म्हणजे एकेचाळीस वर्षे मी भलत्यावरच जळत होतो. जळायचे होते ते भिंतीवर. आता तेही सुरू केले आहे, वेळ थोडा आहे म्हणून.

‘आणि मला पुन्हा का नाही रंगवलंस?’

‘कितीदा रंगवलं! तू जेवून घोरत पडलास की. तोंडच जमायचं नाही. बंद काढलं की मेल्यासारखा दिसायचास, उघडं काढलं की घराला आग लागल्यासारखा. सगळी खरवडून टाकली. त्या कॅनव्हासांवर आस्तानं बदकं काढलीत, माळ्यावर आहेत अजून.’

मग तिने माझी खुर्ची कपाटापाशी ओढली. वय चौसष्ट, आणि खुर्चीवर चढली. मला ओरडता येत नव्हते म्हणून मी पाटी टेबलावर आपटली. तिने चित्र खिळ्यावरून काढले, उलटे केले आणि तोंड भिंतीकडे करून पुन्हा टांगले. पेन्सिलीची अक्षरे आता आमच्याकडे आहेत.

‘घरात एक मुका पुरे,’ ती वरूनच म्हणाली आणि तिथेच, खुर्चीवर उभी राहून, रडायला लागली. ‘ऑक्टोबरपासून मला बाबांच्या घरात आल्यासारखं वाटतंय. घड्याळ ऐकू येतं. तू असताना मला माहीतच नव्हतं की आपल्या घड्याळाला आवाज आहे. तू गेल्यावर कसं असेल ते मला कोणी सांगायला नको. मी तिथंच वाढलेय.’

मी तिला उतरवून घेतले. तेवढे अजून जमते.

तेव्हापासून ती बोलते आहे. मी हे लिहितानाही बोलते आहे. तिला बोलता येत नाही, हे मला धंद्याच्या दृष्टीने नमूद करावे लागेल. गोष्ट शेवटापासून सुरू करते, नावे विसरते, बेकरीतल्या बाईचे भांडण सांगताना मध्येच लोण्यावर जाते आणि परत येत नाही. मी पाटीवर दुरुस्त्या लिहितो, त्या ती वाचत नाही. आज सकाळी कप्तान बेक वर्तमानपत्रासाठी आला आणि तिचे बोलणे जरुरीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत बसला. म्हणून कलम तिसरे जसेच्या तसे कायम आहे.

कलम पाचवे रद्द. त्याऐवजी असे वाचावे: चित्र निकोलिनेचे. सरळ टांगावे, उलटे टांगावे, डॉ. विव्हेलना द्यावे, किंवा माणूस कापून काढून भिंत तेवढी ठेवावी. फुग्लसांग म्हणतात की ते आधीपासून तिचेच होते आणि ते कोणाला देऊन टाकण्याचा मला अधिकारच नव्हता. हे त्यांनी मंगळवारी सांगायला हवे होते.

कलम सहावे, आणि हे शेवटचे. माझ्या अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी, कलम दुसऱ्यातल्या पैशांतून, सगळ्यांत आधी, निकोलिनेसाठी एक रेडिओ घ्यावा. मोठा, चांगला, बंदरावरच्या दुकानातला. तो जेवणाच्या खोलीत ठेवावा. तिने नको म्हटले तरी घ्यावा. आस्ताने हे जातीने बघावे. राजधानीहून बातम्या वाचणारा तो गृहस्थ फार गोड आवाजाचा आहे असे ऐकतो. तरुण आहे म्हणे. तो सकाळी बोलतो, दुपारी बोलतो, जेवताना बोलतो. मला त्याचा आत्तापासूनच राग येतो आहे. तरीही, परक्या पुरुषाचा आवाज माझ्या घरात माझ्या पैशांनी आणण्याची ही तरतूद मी शुद्धीवर असताना, दात ओठ खाऊन, स्वतः करत आहे.

हे सर्व मी लिहिले, वाचले आणि मला मान्य आहे.

एस्बर्न लिलेलुंड (सही)

साक्षीदारांचे निवेदन: आम्ही खाली सह्या करणारे, या मृत्युपत्राखाली कोणताही लाभ न मिळणारे, असे लिहून देतो की श्री. लिलेलुंड यांनी आमच्या समक्ष सही केली. त्यांना वाचा नसल्याने मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवण्यात आला आणि त्यांनी प्रत्येक कलमाला मान हलवून संमती दिली. श्रीमती लिलेलुंड सर्व वेळ खोलीत होत्या आणि सर्व वेळ बोलत होत्या, त्यामुळे वाचन तीनदा थांबवावे लागले. त्यांना बाहेर बसण्यास सांगावे काय, असे मृत्युपत्रकर्त्यांस विचारले असता त्यांनी पाटीवर लिहिले, ‘बोलू द्या.’

साक्षीदार: येप्पे फुग्लसांग, वकील (सही)
साक्षीदार: मारेन स्कोव्ह, बेकरीच्या मालकीण (सही)

लेम्विग, शुक्रवार, २० मार्च १९३१